मुक्या साक्षीदाराला मुखत्यारपत्र

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याच्या विधिमंडळाने २०२४ साली प्राण्यांवरील संशोधनाच्या कायद्यात एक दुरुस्ती केली आणि दोन प्रकारच्या प्रयोगांना त्या राज्यात बंदी घातली. त्यांपैकी एक प्रयोग प्राण्याला बळेच धूर हुंगावयास लावण्याचा. त्यावर बंदी का, हे समजावून सांगावे लागत नाही. दुसरा प्रयोग मात्र वरवर पाहता फार साधा आहे. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी भरावयाचे, त्यात उंदीर सोडावयाचा आणि तो किती वेळ हातपाय मारतो व किती वेळ नुसता तरंगत राहतो, हे घड्याळ लावून मोजावयाचे. भिंती गुळगुळीत असल्यामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. नैराश्यावरील औषधांची पारख जगभर जवळजवळ अर्धशतक या प्रयोगाने होत आली आहे, आणि त्या औषधांपैकी पुष्कळशी मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करणारी आहेत.

अशी बातमी आली की वाचकांत ठराविक दोन मते उमटतात. एक पक्ष म्हणतो, मुक्या जिवांचा असा छळ हा माणसाच्या क्रौर्याचाच एक सुशिक्षित प्रकार होय. तो ताबडतोब थांबला पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, प्राण्यांवर प्रयोग झाले नसते तर आज घराघरांत असलेली औषधे मिळालीच नसती. तेव्हा भावनेच्या आहारी जाऊन विज्ञानाचे पाय बांधू नयेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु प्राण्यांवरील प्रयोग ही सारी एकाच जातीची गोष्ट आहे, असे दोघेही धरून चालतात आणि वादाची गाडी तेथेच रुतते. सेरोटोनिनच्या संशोधनाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्राण्याने त्यात तीन अगदी वेगवेगळी कामे केलेली दिसतात. प्रथम तो तराजू होता. मग साक्षीदार झाला. आणि पुढे माणसाने त्याला आपल्या मनाचा मुखत्यार नेमले. पहिली दोन कामे त्याने चोख बजावली. तिसरे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि ते त्याच्यावर लादणाऱ्यांची चूक आजही पुरती निस्तरलेली नाही.

शिंपल्याचे हृदय

सेरोटोनिनचा शोध मेंदूत लागला नाही. तो रक्तात आणि आतड्यात लागला. इटलीचे व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३० नंतरच्या दशकात आतड्याच्या पेशींत स्नायू आकुंचित करणारे एक द्रव्य आढळले होते. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपपोर्ट, आर्डा ग्रीन व अर्विन पेज यांनी गुरांच्या रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आवळणारे एक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले आणि त्याला सेरोटोनिन हे नाव दिले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे पुढे १९५२ साली सिद्ध झाले. आजही आपल्या शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. ज्याला लोक हल्ली ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, त्याचा बहुतेक साठा पचनाच्या कामी लागलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे द्रव्य मेंदूतही आहे, हे दाखविण्याचा मान बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेचा. त्या काळी इतके सूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र हाताशी नव्हते. तिने अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका शिंपल्याचे हृदय वापरले. आपल्या कोकणात तिसऱ्या म्हणून ज्या खातात, त्यांच्याच कुळातला हा प्राणी. त्याचे हृदय सेरोटोनिनच्या अत्यल्प अंशानेही अधिक जोराने धडधडू लागते. सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा अर्क त्यावर टाकताच ते तसे धडधडले, आणि १९५३ साली ट्वारॉग व पेज यांनी तो शोध प्रसिद्ध केला. शिंपल्याला येथे माणसाच्या सुखदुःखाविषयी काहीच विचारलेले नव्हते. द्रव्य आहे की नाही आणि असल्यास किती, एवढाच प्रश्न होता. तराजूला जेवढे विचारावे तेवढेच विचारले गेले, आणि उत्तर निःसंदिग्ध आले.

सर्पगंधा आणि ससा

दुसऱ्या अंकाचा आरंभ आपल्या देशात होतो. सर्पगंधेची मुळी उन्मादावर व निद्रानाशावर देण्याचा प्रघात भारतात जुना आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर उपयोग करून आपला अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले.

१९५५ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड प्लेचर, पार्क्हर्स्ट शोर व स्वतः ब्रोडी यांनी रेसर्पिन टोचलेल्या सशांच्या मेंदूतील सेरोटोनिन मोजले. ते जवळजवळ रिकामे झाले होते. औषध मेंदूतील एका विशिष्ट द्रव्याचा साठा उपसते आणि त्याच वेळी प्राण्याचे वागणेही बदलते, असा थेट दुवा येथे हाती आला. मनाच्या औषधांचे आधुनिक शास्त्र ज्या थोड्या प्रयोगांवर उभे आहे, त्यांपैकी हा एक होय.

परंतु याच ठिकाणी एक पाऊल चुकीचे पडले. रेसर्पिन दिलेला ससा पिंजऱ्यात पोक काढून, पापण्या अर्धवट मिटून, निश्चल बसून राही. पाहणाऱ्याला तो खिन्न वाटे. तशात रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनतेने ग्रासल्याच्या बातम्या वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. मग तर्क सरळ होता: सेरोटोनिनसारखी द्रव्ये संपली की खिन्नता येते, आणि हा ससा म्हणजे खिन्न माणसाची प्रतिकृती. रेसर्पिनची ही गुंगी जे औषध उतरवील ते नैराश्यावर चालेल, अशी चाचणीच रूढ झाली. ज्या १९५५ साली सशांवरील हे काम प्रसिद्ध झाले, त्याच साली लंडनमध्ये डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रेसर्पिन आणि दिखाऊ गोळी देऊन तुलना केली होती, आणि रेसर्पिन घेणाऱ्यांना अधिक बरे वाटल्याचे आढळले होते. माणसांनी स्वतःच्या तोंडाने दिलेली ही साक्ष फारशी कोणी मनावर घेतली नाही. सशाचे पोक काढून बसणे मात्र पाठ्यपुस्तकांत गेले.

त्या सशाला खरोखर काय झाले होते, हेही सशानेच पुढे सांगितले. ब्रोडींच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करून स्वीडनला परतलेल्या अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली असाच निश्चल पडलेला ससा घेतला. सेरोटोनिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही; म्हणून त्याचे पूर्वद्रव्य त्यांनी टोचले. सशात फरक पडला नाही. मग त्यांनी डोपा हे दुसऱ्याच एका साखळीतील पूर्वद्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ससा कान टवकारून हिंडू लागला. पुढील कामातून स्पष्ट झाले की सशाची ती अवस्था मुख्यतः डोपामिन या द्रव्याच्या अभावाची होती. ती खिन्नता नव्हती. हालचालच गोठली होती. कंपवाताच्या रोग्यांना पुढे डोपा देण्यात येऊ लागले, त्याचे मूळ येथे आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या एकाच सशाच्या दोन गोष्टींत आजच्या सगळ्या वादाचे सार आहे. मेंदूतील कोणते द्रव्य कमी झाले आणि कोणते दिल्याने हालचाल परतली, असे विचारताच त्याने इतके अचूक उत्तर दिले की लक्षावधी रोग्यांचे हातपाय मोकळे झाले. तो दुःखी आहे काय, असे विचारल्यावर उत्तर मात्र त्याने दिलेले नाही. ते पाहणाऱ्याने स्वतःच त्याच्या तोंडी घातले.

ज्या दाराने जाते त्या दाराची परीक्षा

सेरोटोनिनवरील औषधांची कसोटी प्राण्यांच्या साहाय्याने नेमकी कशी लावतात, ते पाहू. मेंदूतील एक मज्जापेशी सेरोटोनिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशीला निरोप देते. आणि निरोप पोचला की मूळ पेशी ते परत आत ओढून घेते. हे आत ओढण्याचे दार अडविले, तर सेरोटोनिन बाहेर अधिक वेळ रेंगाळते. इंडियानापोलिस येथील इलाय लिली कंपनीत १९७० नंतरच्या दशकात ब्रायन मोलॉय, डेव्हिड वाँग व रे फुलर यांनी हे दार अडविणारे द्रव्य शोधले. उंदराच्या मेंदूचा लगदा करून त्यातून मज्जापेशींच्या टोकांच्या सूक्ष्म पिशव्या वेगळ्या काढता येतात. त्या पिशव्या किरणोत्सर्गी खूण केलेले सेरोटोनिन किती शोषून घेतात, ते मोजावयाचे; मग औषध घालून पुन्हा मोजावयाचे. या परीक्षेत एका द्रव्याने सेरोटोनिनचे दार अडविले आणि इतर द्रव्यांची दारे जवळजवळ उघडी ठेवली. तेच फ्लुओक्सेटिन. त्याची माहिती १९७४ साली प्रसिद्ध झाली आणि १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत ते विकण्यास परवानगी मिळाली.

लगद्यात जे घडते ते जिवंत मेंदूत घडतेच असे नाही, म्हणून दुसरी परीक्षा. एक विषारी द्रव्य याच दाराने पेशीत शिरून तेथील सेरोटोनिन घालविते. उंदराला आधी फ्लुओक्सेटिन दिले असता त्या विषाला आत वाट मिळाली नाही आणि सेरोटोनिन शाबूत राहिले. औषध मेंदूपर्यंत पोचते, योग्य दारावर बसते आणि काही काळ टिकते, एवढे सगळे त्यातून कळले. प्रश्न दाराचा होता, आणि दार उंदराजवळही आहे.

उत्तर उंदराजवळ असले म्हणजे तो किती सूक्ष्म साक्ष देतो, याचे आणखी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ही औषधे सेरोटोनिनचे दार काही तासांतच अडवितात. रुग्णाला बरे वाटू लागण्यास मात्र दोनचार आठवडे जातात. असे का? कॅनडात माँट्रिआल येथे पियेर ब्लिए व क्लोद द माँतिनी यांनी झिमेलिडिन या अशाच औषधाची मात्रा उंदरांना रोज देऊन त्यांच्या सेरोटोनिन-पेशींचे विद्युत्स्पंदन मोजले. पहिल्या दिवसांत बाहेर सेरोटोनिन वाढलेले पाहून त्या पेशी आपला वेग आवरता घेतात. जणू एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. सुमारे दोन आठवड्यांनी हा लगाम ढिला पडतो, पेशी पूर्ववत काम करू लागतात आणि मगच औषधाचा परिणाम पुरता उतरतो. १९८३ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, १९८२ साली, झिमेलिडिन बाजारात आले होते, आणि ज्या १९८३ साली उंदराने त्या औषधाविषयी ही अमोल माहिती दिली, त्याच साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले. कारण ते घेणाऱ्या काही रुग्णांना हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा गंभीर विकार जडला होता. प्राण्यांवरील चाचण्या ओलांडून आलेल्या औषधाची ही बाजू प्रथम माणसांतच उघडी पडली. एकाच वर्षी एकाच औषधाने साक्षीदाराची महती आणि मर्यादा, दोन्ही दाखवून दिल्या.

धोक्याची सूचना देण्याचे कामही प्राण्याने केले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. सेरोटोनिन मोडणारे विकर बंद करणारे औषध आणि सेरोटोनिनचे मूळद्रव्य ट्रिप्टोफॅन ही दोन्ही एकदम दिली, तर उंदीर थरथरतो, डोके डोलवितो, पुढचे पाय आळीपाळीने आपटतो, त्याचे अंग तापते. डेव्हिड ग्रॅहम-स्मिथ यांनी १९७१ साली ब्रिटनमध्ये याचे सविस्तर वर्णन केले. सेरोटोनिन वाढविणारी दोन औषधे डॉक्टरला न सांगता एकत्र घेतली, तर माणसालाही कंप, ताप व भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. कंप आणि ताप उंदरालाही येतो. म्हणून त्याची साक्ष येथे ग्राह्य. याउलट भ्रम उत्पन्न करणारी काही द्रव्ये दिली, तर छोटा उंदीर डोके झटकतो आणि ते झटके मोजून त्या द्रव्यांची पारख करतात. उंदीर डोके झटकतो एवढे खरे; त्याला काय दिसले, हे तो सांगत नाही.

पोहणारा उंदीर

आता पुन्हा त्या पाण्याच्या नळकांड्याकडे येऊ. फ्रान्समधील एका औषध कंपनीत काम करणारे रॉजर पोरसोल्ट यांनी १९७७ साली ही परीक्षा प्रसिद्ध केली. उंदराला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे पाण्यात ठेवावयाचे. मधल्या काळात औषध द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे पुन्हा पाण्यात सोडून तो किती वेळ निश्चल राहतो ते मोजावयाचे. धडपड सोडून तरंगणे म्हणजे हताश होणे, असे त्यांनी मानले. त्या काळी वापरात असलेली बरीच औषधे हा निश्चल काळ कमी करीत. परीक्षा स्वस्त होती, दोन दिवसांत उरकत होती आणि तिच्यातून आकडा निघत होता. ती जगभर पसरली, यात नवल नाही.

तथापि तिच्यातील विसंगती पहिल्यापासून डोळ्यांसमोर होत्या. माणसाला ज्या औषधाचा गुण येण्यास आठवडे लागतात, ते या परीक्षेत एका दिवसात ‘गुण’ दाखविते. अॅम्फेटॅमिनसारखी निव्वळ उत्तेजके घेतलेला उंदीरही जास्त हालचाल करतो. म्हणून काही ती नैराश्यावरील औषधे ठरत नाहीत. सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की, सेरोटोनिनचे दार अडविणारी औषधे, म्हणजे आज डॉक्टर सर्वाधिक लिहून देतात ती, मूळ परीक्षेत अनेकदा निकामीच ठरत. १९९५ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदराच्या हालचालींची अधिक बारकाईने विभागणी केली, तेव्हा दिसले की नॉरअॅड्रेनॅलिनवरील औषधांनी उंदीर भिंतीवर चढू पाहतो आणि सेरोटोनिनवरील औषधांनी तो पोहत राहतो. हे निरीक्षण उपयुक्त आहे; पण ते कशाचे आहे? कोणते द्रव्य कोणती हालचाल वाढविते, याचे. हताशेचे ते मोजमाप ठरत नाही.

मुळात तरंगणे म्हणजे हताशा, हे उंदराने कोणाला सांगितले? आदल्या दिवशी तो याच पाण्यातून बाहेर काढला गेलेला आहे. बाहेर पडण्याची वाट नाही आणि थोड्या वेळाने हात येऊन आपल्याला उचलतो, हे तो शिकला असेल, तर व्यर्थ हातपाय न मारता शक्ती राखून ठेवणे हा शहाणपणाच म्हणावा लागेल. आपल्या विहिरींत पोहावयास शिकलेला कोणीही मुलगा सांगेल की दमल्यावर उताणे पडून तरंगावे. त्याला कोणी निराश म्हणत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाचे दुःख आठवडे न् महिने पुरते. त्यात अपराधाची भावना असते, उद्याची भीती असते, जगण्याचा वीट असतो. त्यांतले काहीही पाच मिनिटांच्या पाण्यात मावत नाही. येथे उंदीर साक्षीदार राहिला नाही. माणसाने आपल्या मनाचे मुखत्यारपत्र त्याच्या नावे लिहून ठेवले, आणि त्याची सही मात्र कोणी घेतली नाही.

पेशींच्या पातळीवरही उंदीर माणसाची नक्कल नाही, हे १९९२ साली एका सुंदर कामातून उघड झाले. सेरोटोनिन ज्या ग्राहक प्रथिनांना जाऊन चिकटते, त्यांपैकी एक प्रथिन उंदरात आणि माणसात जवळजवळ सारखे आहे. सुमारे ३९० दुव्यांच्या या साखळीतील एका ठरावीक ठिकाणी माणसात एक अमिनो आम्ल आणि उंदरात दुसरे असते. या एका दुव्याच्या फरकामुळे हृदयविकारावरील काही औषधे उंदराच्या प्रथिनाला घट्ट चिकटतात आणि माणसाच्या प्रथिनाला फार थोडी. एका अक्षराने अर्थ फिरतो, हे मजकूर तपासणाऱ्या कारकुनाला आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकाला निराळे सांगावयास नको. तेव्हा साक्ष ग्राह्य असली, तरी ती माणसाच्या पेशींशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

चुकीच्या प्रश्नाची किंमत

ही किंमत केवळ उंदीर मोजतो असे नाही. नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनची कमतरता, हे वाक्य एका पिढीने दवाखान्यांतून आणि जाहिरातींतून ऐकले. २०२२ साली लंडनमधील जोआना माँक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे येते याला सुसंगत पुरावा नसल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. यावरून ही औषधे निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. २०१८ साली ५२२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात अशी २१ औषधे दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली होती, जरी फरक बेताचाच असला तरी. चालू असलेली गोळी बातमी वाचून एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा. ताप उतरविणारी गोळी काम करते म्हणून गोळीच्या अभावाने ताप येतो असे कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणत आलो, आणि त्या समजुतीला पोक काढलेल्या सशाने व तरंगणाऱ्या उंदराने नकळत आधार पुरविला.

मग करावे काय? सगळे प्राणिप्रयोग बंद करा, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. नवे द्रव्य मेंदूत पोचते काय, रक्तदाबावर, यकृतावर, गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, हे एकदम माणसावर पाहणे हेही क्रौर्यच ठरेल. मात्र पूर्वी ज्या प्रश्नांसाठी उंदीर मारावा लागे, त्यांपैकी कित्येकांना आता माणूस स्वतः उत्तर देऊ शकतो. सेरोटोनिनचे तेच दार आपल्या रक्तातील बिंबाणूंनाही असते. मानवी जनुक घालून वाढविलेल्या पेशींवर औषध थेट तपासता येते. कॅनडात टोराँटो येथील संशोधकांनी जिवंत माणसाच्या मेंदूची किरणोत्सर्गी चित्रे घेऊन दाखविले आहे की नेहमीच्या मात्रेत ही औषधे सुमारे ऐंशी टक्के दारे अडवितात. आणि दुःख हलके झाले की नाही, हे सांगणारा साक्षीदार एकच: रुग्ण. त्याला वाचा आहे.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत मागासलेला नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांना सरसकट मनाई केलेली नाही. परंतु शक्य तेथे प्रयोग टाळावेत, पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफिती यांनी शिकविण्याचे काम भागत असेल तर प्राणी वापरू नये आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, अशी तरतूद त्यात आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक प्रस्ताव संस्थेच्या नीतिसमितीपुढे ठेवावा लागतो. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरील व संगणकीय पद्धतींनाही मान्यता मिळाली. कायदा आहे, प्रश्न त्याच्या आत्म्याचा आहे. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधासाठी एखाद्या वनस्पतीचा अर्क घ्यावयाचा, उंदराला पाजावयाचा, त्याला पाण्यात पोहावयास लावावयाचे आणि अर्कात नैराश्यविरोधी गुण आढळला असे लिहावयाचे, हा परिपाठ अनेक वर्षांचा आहे. त्यातील विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पिंजरा आहे, नळकांडे आहे, घड्याळ आहे आणि मुदतीत प्रबंध द्यावयाचा आहे. परंतु अशा शंभर प्रबंधांतून एकही औषध रुग्णाच्या हाती पडणार नसेल, तर त्या उंदरांनी कशासाठी प्राण दिले, हे विचारण्याचा हक्क समाजाला आहे.

१९५९ साली रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले: पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, वापरावाच लागला तर कमीत कमी वापरावा, आणि त्याला कमीत कमी क्लेश द्यावेत. तीनही नियम आज जगन्मान्य आहेत. सेरोटोनिनचा इतिहास त्यांच्या आधी येणारा एक चौथा नियम सुचवितो. तो कोणत्याही समितीच्या छापील अर्जात असो वा नसो, मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला आणि शास्त्रज्ञाने स्वतःला पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी विचारला पाहिजे: आपण या प्राण्याला जे विचारणार आहोत, त्याचे उत्तर त्याच्याजवळ असण्यासारखे आहे काय? शिंपल्याजवळ ते होते. डोपा मिळताच उठून हिंडू लागलेल्या सशाजवळ होते. माँट्रिआलच्या उंदराजवळ होते. पाण्यात तरंगणाऱ्या उंदराजवळ ते नव्हते. आणि ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याच्याकडून ते काढण्यासाठी त्याला बुडत्या पाण्यात सोडणे, याला विज्ञान म्हणण्याचे आता थांबविले पाहिजे.